शेजारच्या शेतातला मका

मंडळी, शेजाऱ्याने केले म्हणून आपणही केले, असे कोणी सांगितले की आपण हसतो. मेंढरामागे मेंढरू म्हणतो. पण अनुकरण नेहमीच आंधळे असते काय? मक्याचीच एक हकीगत ऐका.

अमेरिकेतील आयोवा हे मक्याचे मोठे राज्य. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे कणसांची प्रदर्शने भरत. ज्याचे कणीस डौलदार, दाण्यांच्या ओळी सरळ, त्याला बक्षीस मिळे. साहजिकच इतर शेतकरीही तसलेच बी शोधत. १९०४ साली हेन्री वॉलेस या शाळकरी मुलाने परीक्षकांनी गुण दिलेली कणसे वेगवेगळी पेरली आणि उत्पन्न मोजले. दिसायला देखणी कणसे पिकायला पुढे नव्हती! सारे एकमेकांचे पाहून चालले होते. मापाला मात्र कोणी हात घातला नव्हता.

पुढे संकरित मका आला. याचे घरचे बी पुढच्या वर्षी तसे पिकत नाही, दरसाल विकत घ्यावे लागते. म्हणजे गाठीचा पैसा जाणार. शेतकरी बिचकला तर नवल काय? रायन आणि ग्रॉस या दोन अभ्यासकांनी तिथल्या दोन वस्त्यांतील २५९ शेतकऱ्यांना विचारपूस केली आणि १९४३ साली ती प्रसिद्ध केली. पहिली पाचसहा वर्षे थोड्यांनीच हे बी घेतले. १९४१ पर्यंत मात्र दोघे वगळता सर्वांनी घेतले होते. नव्या बियाण्याची बातमी सर्वाधिक शेतकऱ्यांना विक्रेत्याकडून कळली, पण मन वळवले ते शेजाऱ्याने. त्यातही पुष्कळांनी आधी थोड्याच जमिनीत पेरून पाहिले. १९३४ आणि १९३६ च्या अवर्षणांत संकरित मक्याने अधिक तग धरला, तो तर बांधावरूनच दिसत होता.

१९६४ साली भारतात सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, तेव्हा महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यापुढेही हाच पेच पडला: बी दरसाल विकत घ्यायचे, ते कुणाच्या भरवशावर?

तेव्हा शेजाऱ्याचे पाहून करण्यात कमीपणा नाही. पाहायचे काय, एवढेच ठरवा. प्रदर्शनातले कणीस पाहू नका, खळ्यावरची रास पाहा. खर्च किती आला तेही विचारा, आणि आपल्या दोन गुंठ्यांत आधी करून बघा. गुरुजी, शाळेच्या बागेत मुलांकडून दोन वाफे पेरून घ्या आणि माप त्यांच्याच हाती द्या.