आवाजाचा परवाना : जळगावचा संगणक, धुळ्याचा संगणक आणि मधली शंभर वर्षे (थ्रेड)

१/ जळगाव ते धुळे हे अंतर एरंडोल-पारोळामार्गे सुमारे ९० किलोमीटर. या दोन शहरांतील दोन घरांत संगणक, मोडेम आणि इंटरनेटची जोडणी असली, तरी त्यांवरून एकमेकांशी बोलण्याची परवानगी ३१ मार्च २००२ पर्यंत कोणालाच नव्हती. १ एप्रिलला ती मिळाली. तरीही आवाज सहजासहजी पोहोचत नव्हता. तो नेमका कुठे कुठे अडत होता, याचा हा इतिहास.

२/ आवाजाचे तुकडे करून ते संगणकांच्या जाळ्यातून पाठवण्याची कल्पना आजच्या इंटरनेटहून जुनी आहे. अमेरिकेतील ‘आर्पानेट’वर डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३-७४ मध्ये असे प्रयोग केले. डिसेंबर १९७४ मध्ये कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्स येथील दोन प्रयोगशाळांमध्ये या पद्धतीने संभाषण झाले. म्हणजे देशाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर!

३/ यामागे एका भारतीयाचे मोठे काम होते. कानपूरला १९३३ साली जन्मलेले, लखनौ आणि बंगळूरला शिकलेले बिष्णू अटल अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत आवाजावर संशोधन करत. आवाजाचा पुढचा क्षण मागच्या क्षणांवरून बराचसा ओळखता येतो. मग सगळाच आवाज कशाला पाठवायचा? अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक पाठवला की पुरे. या विचारातून आवाज अगदी थोडक्या जागेत मावू लागला.

४/ अटल आणि मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९८५ साली मांडलेल्या पद्धतीत एक सेकंदाचा आवाज आवळण्यास त्या वेळच्या ‘क्रे’ महासंगणकालाही दोन मिनिटांहून अधिक वेळ लागे. पुढच्या दहा-बारा वर्षांत तिच्याच वंशातल्या पद्धती घरगुती संगणक बोलता बोलता वापरू लागला. प्रश्न आता गणिताचा उरला नव्हता.

५/ १९९५ हे वर्ष लक्षात ठेवावे. फेब्रुवारीत इस्रायलच्या ‘व्होकलटेक’ कंपनीने दोन घरगुती संगणकांना इंटरनेटवरून बोलते करणारी प्रणाली विक्रीस आणली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. पूर्ण सोयीच्या वैयक्तिक खात्याला वर्षाला १५,००० रुपये पडत आणि वेग सेकंदाला ९,६०० बिट. केंद्रे मोठ्या शहरांत. खानदेशाला हे सारे अद्याप दूरच होते.

६/ इथे येतो १८८५ चा भारतीय तार अधिनियम. त्याच्या कलम ४ नुसार ‘तार’ उभारण्याचा आणि चालवण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारचा. इतरांना तो केवळ परवान्याने. ‘तार’ या शब्दाची व्याख्या पुढे इतकी रुंद झाली की चिन्हे, लेखन, चित्रे, ध्वनी यांपैकी काहीही वाहून नेणारे उपकरण तीत बसे. म्हणजे घरातला संगणक पत्र पाठवी तोवर ठीक होते. बोलू लागला की प्रश्न परवान्याचा.

७/ यामागे पैशाचे कारणही होते. परदेशी दूरध्वनीची मक्तेदारी १९८६ साली स्थापन झालेल्या विदेश संचार निगमकडे होती आणि त्या महागड्या कॉलचे उत्पन्न मोठे होते. अमेरिकेत वा आखातात असलेल्या मुलाशी आई-वडील इंटरनेटवरून बोलू लागले, तर ते उत्पन्न आटणार. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी इंटरनेट कंपन्यांना दार उघडले, पण आवाजाला नाही. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणातही ‘या टप्प्यावर परवानगी नाही’ अशीच भूमिका होती.

८/ ३१ मार्च २००२ रोजी ही मक्तेदारी मुदतीआधी संपली. दुसऱ्याच दिवशी इंटरनेट टेलिफोनी कायदेशीर झाली. तारखांची ही जोडी पुरेशी बोलकी आहे.

९/ परवानगीला कुंपण मात्र होते. संगणकावरून संगणकावर बोला, देशात किंवा परदेशात. इथल्या संगणकावरून परदेशातील दूरध्वनीवरही बोला. पण इथल्या संगणकावरून इथल्याच दूरध्वनीवर बोलायचे नाही. जळगावच्या संगणकाने धुळ्याच्या संगणकाला हाक मारणे वैध. त्याच धुळ्याच्या घरातील दूरध्वनी वाजवणे अवैध. दोन जाळ्यांमधली भिंत कायद्याने राखली होती.

१०/ आता कल्पनेने २००२ सालच्या त्या दोन घरांत जाऊ. दोन्हीकडे विंडोज ९८, डायल-अप मोडेम आणि ‘नेटमीटिंग’ ही प्रणाली. खर्च वाचवण्याचे हे खरे क्षेत्र परदेशी कॉलचे होते. पण इतक्या जवळच्या दोन घरांचे उदाहरण घेतले, की अडथळा अंतराचा नव्हता हे स्पष्ट दिसते.

११/ पहिला अडथळा : पत्ता. दूरध्वनीचा क्रमांक कायम असतो. डायल-अपवर मात्र प्रत्येक वेळी जोडणी होताना संगणकाला नवा आयपी पत्ता मिळे. तो ‘विनआयपीसीएफजी’ ही आज्ञा देऊन पाहायचा आणि समोरच्याला कळवायचा. पण कळवणार कसा? घरात दूरध्वनीची तार एकच, आणि ती मोडेमने अडवलेली. फोन लावावा तर ‘व्यस्त’. म्हणून वेळ आधी ठरवायची आणि पत्ता ई-मेलने धाडायचा. मध्येच जोडणी तुटली, की पत्ता बदललाच.

१२/ दुसरा अडथळा : साउंड कार्ड. जुनी अनेक कार्डे एका वेळी एकच काम करत. एक तर ऐकत, नाही तर ऐकवत. दोन्ही एकदम करणारे कार्ड नसेल, तर एकाचे बोलणे संपेपर्यंत दुसऱ्याने थांबायचे, पोलिसांच्या वायरलेससारखे. पुष्कळदा कार्ड चांगले असे, पण त्याचा ड्रायव्हर जुना असे. नवा ड्रायव्हर घातला की गप्पा सुरू.

१३/ तिसरा अडथळा : प्रतिध्वनी. स्वतःचेच शब्द क्षणभराने स्वतःला ऐकू येऊ लागले, की माणूस आपला मायक्रोफोन तपासतो. दोष बहुधा समोरच्या घरात असे. तिथल्या स्पीकरमधून निघालेला आवाज तिथल्याच मायक्रोफोनमध्ये शिरून परत येई. उपाय साधा होता : समोरच्याने हेडफोन लावायचा. आपल्याला होणारा त्रास दुसऱ्याने दूर करायचा, हे मात्र लवकर कोणाच्या ध्यानात येत नसे.

१४/ चौथा अडथळा : पाकिटाचे वजन. साध्या दूरध्वनीचा आवाज सेकंदाला ६४,००० बिट घेई. डायल-अपवरून बाहेर जाणारा वेग फार तर ३३,६०० बिट. त्यामुळे अटल यांच्या परंपरेतील ‘जी.७२३.१’ ही पद्धत कामी येई. तीत ३० मिलिसेकंदांचा आवाज अवघ्या २४ बाइटांत मावे. पण त्या प्रत्येक तुकड्यावर पत्ता, क्रम आणि वेळ लिहिलेले पाकीट लागे, आणि ते पाकीट ४० बाइटांचे! पत्रापेक्षा पाकीट जड. तरी बेरीज सेकंदाला सुमारे १७,००० बिट होई आणि त्या अरुंद तारेतून कशीबशी जाई. त्याच वेळी घरातल्या कोणी एखादी फाइल उतरवायला घेतली, की आवाज तुटलाच.

१५/ पाचवा अडथळा सर्वांत विलक्षण : वाट. जळगावचे घर एका कंपनीचे ग्राहक आणि धुळ्याचे दुसऱ्या कंपनीचे असेल, तर त्या दोन कंपन्यांची जाळी भारतात एकमेकांना भेटतीलच असे नव्हते. देशांतर्गत पुष्कळ वाहतूक अमेरिकेला किंवा सिंगापूरला जाऊन परत येई. ९० किलोमीटरवरचा शब्द समुद्र ओलांडून पारोळ्याच्या पलीकडे पोहोचायचा! हे थांबावे म्हणूनच २००३ मध्ये ‘निक्सी’ ही देशांतर्गत देवाणघेवाणीची संस्था उभी राहिली.

१६/ संभाषण नैसर्गिक वाटावे यासाठी आवाज एका बाजूने सुमारे १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा संकेत आहे. वाटेत उपग्रह आला तर चढ-उतारातच पाव सेकंद जाई. मग दोघे एकदम बोलत, दोघे एकदम थांबत. हरवलेला तुकडा पुन्हा मागवण्यातही अर्थ नसतो. उशिरा आलेला शब्द पुढच्या शब्दांच्या वाटेत येतो. म्हणून आवाजासाठी हरवलेले सोडून पुढे जाणारी ‘यूडीपी’ पद्धत वापरली जाते.

१७/ जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचा ‘डेटावन’ ब्रॉडबँड आला. सेकंदाला २,५६,००० बिट! तार मोकळी, वेग भरपूर, भांडण संपायला हवे होते. उलट एक नवीच तक्रार सुरू झाली : आवाज एकाच बाजूने येतो. समजा, धुळ्याच्या घरी ब्रॉडबँड आहे आणि जळगावला अजून डायल-अपच. धुळ्याचे बोलणे जळगावात स्वच्छ ऐकू येते. जळगावचे धुळ्यात अजिबात नाही. लोक मायक्रोफोन बदलत, साउंड कार्ड बदलत. काही फरक पडत नसे.

१८/ दोष राउटरमध्ये होता. खरे तर जगाच्या पत्तेवहीत. इंटरनेटचे मूळ पत्ते सुमारे ४३० कोटी, आणि ते अपुरे पडणार हे १९९० च्या दशकाच्या आरंभीच दिसले होते. म्हणून १९९४ मध्ये तोडगा सुचवला गेला : घराला बाहेरचा पत्ता एकच, आतल्या संगणकांना खासगी पत्ते. धुळ्याचा संगणक ‘आवाज १९२.१६८.१.२ वर पाठवा’ असे कळवी. पण हा पत्ता घराबाहेर निरर्थक. पत्रावर पाठवणाऱ्याने आपला पत्ता म्हणून ‘माडीवरची खोली’ एवढेच लिहावे, तसे ते होते. जळगावचे उत्तर निघे, पण पोहोचत नसे.

१९/ २००४ पासून विंडोजच्या सुधारित आवृत्तीत फायरवॉलही आपोआप चालू राहू लागली. अनोळखी तुकडे दारातच अडत. जाणकार राउटरच्या पानावर जाऊन ठरावीक पोर्ट आपल्या संगणकाकडे वळवत. पण नेटमीटिंग प्रत्येक कॉलला आवाजासाठी नवे पोर्ट निवडे. एक दार उघडावे, तर पाहुणा दुसऱ्याच दारी उभा.

२०/ सुटका दोन मार्गांनी झाली. मार्च २००३ मध्ये ‘स्टन’ हा नियमसंच प्रसिद्ध झाला : बाहेरच्या एखाद्या यंत्राला विचारायचे, ‘माझे पत्र तुला कोणत्या पत्त्यावरून आलेले दिसते?’ आणि तोच पत्ता समोरच्याला द्यायचा. ऑगस्ट २००३ मध्ये आलेल्या ‘स्काइप’ने तर ज्यांना मोकळा पत्ता होता अशा इतर वापरकर्त्यांच्याच संगणकांना मध्यस्थ केले. वापरणाऱ्याला पत्ता, पोर्ट, राउटर यांपैकी काही ठाऊक असण्याची गरज उरली नाही. स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झाले; त्याने लावलेली ही सवय राहिली.

२१/ तंत्र सुटले, तरी परवान्याचा प्रश्न संपला नव्हता. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरील कॉलसाठी वेगळा आकार जाहीर केला आणि लोकांच्या विरोधानंतर काही दिवसांतच मागे घेतला. आवाज हा साधा डेटा की वेगळी ‘सेवा’, हाच १९९९ चा प्रश्न नव्या कपड्यांत आला होता. इंटरनेटवरून देशातील कोणत्याही दूरध्वनीवर बोलण्याचा मार्ग जून २०१८ मध्ये मोकळा झाला. २००२ ची भिंत पडायला १६ वर्षे लागली. १८८५ च्या कायद्याची जागा घेणारा दूरसंचार अधिनियम तर २०२३ चा.

२२/ हे अडथळे एका ओळीत मांडले तर काय दिसते? साउंड कार्ड, प्रतिध्वनी, अरुंद तार हे दोष यंत्राचे होते आणि ते काही वर्षांत संपले. देशाबाहेरून जाणारी वाट कंपन्यांच्या व्यवहारातली होती. तिला संस्था उभारावी लागली. परवाना मात्र सत्तेचा होता आणि तो सर्वांत चिवट ठरला. ९० किलोमीटरचे अंतर या यादीत कुठेच नाही.

२३/ पत्त्याचा प्रश्न अजूनही पुरता सुटलेला नाही. आजही दोन घरांतल्या कॉलची सुरुवात तिसऱ्याच्या यंत्राला विचारून होते आणि थेट वाट मिळाली नाही, तर सारा आवाज त्या तिसऱ्यामार्फतच जातो. आपण समोरासमोर बोलतो असे वाटते. मध्ये कोणीतरी उभे असते. ते कोण, याची चौकशी करणे हे जागरूक नागरिकाचे काम आहे.

२४/ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जुन्या घरांतली दफ्तरे शोधत आयुष्य घालवले आणि १९२६ साली धुळ्यातच देह ठेवला. कागद होते म्हणून ते शोधू शकले. हा इतिहास तर आवाजाचा. तो बोलताक्षणी विरला. उरली आहेत ती एसटीडीची बिले, मोडेमच्या पुस्तिका, इंटरनेट खात्यांचे अर्ज. तुमच्या घरातल्या माळ्यावर असे काही असेल, तर रद्दीत घालू नका. तारीख टिपून ठेवा आणि त्या काळी कोण कोणाशी, किती वाजता बोलत असे, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा.

#इतिहास #खानदेश #मराठी_थ्रेड