खेळ, उचल आणि बंद दार : टेंभुर्णी परिसरातील तमाशा कलावंत ते रिअॅलिटी शोमधील स्पर्धक

प्रस्तावना

एकविसाव्या शतकात जगभरच्या चित्रपट-मालिकांत भयकथेचा एक नवा प्रकार रूढ झाला. काही गरजू माणसे बक्षिसाच्या आशेने एका खेळात उतरतात, खेळ जीवघेणा ठरतो, बाहेर पडण्याचा मार्ग बंद होतो आणि प्रेक्षक मात्र हसत-खिदळत पाहत राहतात. २०२१ मध्ये प्रदर्शित झालेली 'स्क्विड गेम' ही कोरियन मालिका या प्रकारातील सर्वांत गाजलेली कलाकृती होय. या कथांतील उपरोध टीव्हीवरील रिअॅलिटी शोला उद्देशून असतो. त्यामुळे ही समस्या टीव्हीबरोबर जन्मास आली, असा समज होतो. महाराष्ट्राच्या लोकरंजनाचा इतिहास पाहता हा समज टिकत नाही.

प्रस्तुत निबंधात टेंभुर्णी (ता. माढा, जि. सोलापूर) व लगतच्या परिसरातील तमाशा-संगीतबारीच्या परंपरेच्या आधारे एका प्रश्नाचा विचार केला आहे : करमणुकीच्या खेळातील कलावंत अडकतो तो नेमका कशामुळे? प्रेक्षकांच्या नजरेमुळे, खेळातील अश्लीलतेमुळे, की बाहेर पडण्याची वाट आधीच विकली गेल्यामुळे?

परिसर आणि परंपरा

टेंभुर्णी हे पुणे-सोलापूर महामार्गावरील गाव. येथून पंढरपूर, कुर्डुवाडी आणि करमाळा या तिन्ही दिशांना रस्ते फुटतात. उत्तर पेशवाईतील मुत्सद्दी सदाशिव माणकेश्वर यांच्या घराण्याशी या गावाचे नाव जोडलेले आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या याच काळात लावणीला दरबारी आश्रय मिळाला आणि सोलापूरच्या राम जोशींसारखा विद्वान शाहीर फडावर उभा राहिला. कलावंताचे पोट बिदागीवर आणि बिदागी देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असण्याची रीत तेव्हाही होतीच. दरबार गेले, पण दौलतजादा राहिला.

याच महामार्गावर सोलापूरच्या दिशेला माढा तालुक्यातीलच मोडनिंब हे गाव आहे, तर पुण्याच्या दिशेला दौंड तालुक्यातील चौफुला आहे. ही दोन्ही ठिकाणे संगीतबारीच्या कला केंद्रांसाठी ओळखली जातात. तमाशाचे सामान्यतः दोन प्रकार मानले जातात. ढोलकीफडाचा तमाशा गावोगाव फिरतो; त्यात गण, गौळण, बतावणी आणि वग असतो. संगीतबारीच्या पार्ट्या मात्र थिएटरच्या आवारातच मुक्काम करतात. त्यांत लावणी, अदा आणि बैठक यांना महत्त्व असते. पहिल्या प्रकारात कलावंत फडमालकाशी बांधलेला असतो; दुसऱ्यात पार्टी थिएटरमालकाशी.

उचल : बांधून ठेवणारी रक्कम

'उचल' हा शब्द माढा-करमाळा परिसरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणामुळे येथे ऊस वाढला, कारखाने उभे राहिले आणि दर हंगामात मुकादमाकडून उचल घेऊन आलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या फडात दिसू लागल्या. उसाचाही फड आणि तमाशाचाही फड. दोन्हीकडे हंगामाआधी घेतलेली रक्कम हंगामभर माणसाला धरून ठेवते. तमाशाचा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो आणि गावोगावच्या यात्रा-जत्रा आटोपेपर्यंत चालतो. पावसाळ्याचे बेकारीचे महिने, घरातले लग्न, आजारपण यांसाठी कलावंत फडमालकाकडून पैसे उचलतो आणि ते फिटेपर्यंत फड सोडू शकत नाही. हंगाम वाईट गेला तर जुनी उचल पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते.

येथे फडमालकाला केवळ खलनायक ठरवून भागत नाही. फडमालक स्वतः सावकाराकडून कर्ज काढून फड उभा करतो. वाहने, तंबू, वाद्ये आणि माणसांची जेवणे यांचा खर्च रोजचा. पाऊस आला वा यात्रा रद्द झाली तर तोटा त्याचा. बंधन वरून खाली साखळीसारखे येते. शेवटची कडी मात्र रंगमंचावर नाचणाऱ्या स्त्रीच्या पायात असते.

पंढरपूर येथे १९३५ मध्ये जन्मलेल्या विठाबाई नारायणगावकर यांचे उदाहरण या दृष्टीने पुरेसे बोलके आहे. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाचा वारसा त्यांना लाभला होता. दिवस भरलेले असताना त्या खेळाला उभ्या राहिल्या, कळा सुरू होताच रंगमंचामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या, असा प्रसंग त्यांच्याविषयीच्या लेखनात आवर्जून सांगितला जातो. पुढे प्रेक्षकांच्याच लक्षात ही गोष्ट आली आणि त्यांनी खेळ थांबवण्यास सांगितले, असेही म्हणतात. हा प्रसंग कलानिष्ठेचा आदर्श म्हणून सांगण्याची पद्धत आहे. निष्ठा निर्विवाद होती. परंतु तिकिटे विकली गेली होती आणि फडातील अनेकांचे पोट त्या खेळावर होते, हा भागही तितकाच खरा आहे. राष्ट्रीय सन्मान मिळालेल्या या कलावतीची २००२ मध्ये निधनापूर्वीची वर्षे आर्थिक ओढाताणीत गेली. त्यांच्या नावाचा राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार नंतर सुरू झाला.

संगीतबारीतील बंधन घरापर्यंत पोहोचते. टेंभुर्णीच्या शेजारच्या करमाळा तालुक्यातील नेरले या गावाशी नाते असलेले डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' हे आत्मकथन १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. नाचणाऱ्या स्त्रीच्या कमाईवर घरातील पुरुष जगतात आणि म्हणून तिने नाच सोडून संसार करू नये यासाठी घरच आडवे येते, हे वास्तव त्यातून मराठी वाचकांसमोर आले. येथे करारपत्र नाही, पहारेकरी नाही; तरीही बाहेरची वाट बंद आहे.

कायद्याची नजर कोठे होती?

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली. कारण होते अश्लीलता. कलावंत आणि रसिक यांच्या प्रयत्नांनंतर महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली आणि संहितांच्या पूर्वतपासणीची पद्धत आली. वगातील कोणता शब्द चालेल, कोणता नाही, याची छाननी झाली. कलावंताने किती उचल घेतली, कोणत्या अटीवर घेतली आणि तिला फड सोडता येतो का, हे प्रश्न त्या सुधारणेच्या केंद्रस्थानी आले नाहीत. २००५ मध्ये डान्स बारवर बंदी घालतानाही राज्याने नीतीचाच मुद्दा पुढे केला. न्यायालयात ती बंदी टिकली नाही, परंतु दरम्यान हजारो स्त्रियांचा रोजगार गेला. थोडक्यात, सुधारकांनी खेळ तपासला, अटी तपासल्या नाहीत.

वस्तुतः अटी तपासण्याचे साधन उपलब्ध होते. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने आगाऊ रकमेच्या मोबदल्यात काम सोडण्याचे किंवा दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य गमावणे हे वेठबिगारीचे लक्षण मानले. १९८२ मध्ये दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दारिद्र्य आणि उपासमारीतून येणारी सक्ती हीदेखील सक्तीच होय, असा अर्थ घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाला दिला. हा विचार वीटभट्टी आणि खाणींपर्यंत पोहोचला. रंगमंचापर्यंत तो फारसा आला नाही. नाचणारी व्यक्ती 'कलावंत' असल्याने ती 'कामगार'ही आहे, हे समाजाच्या ध्यानात राहिले नाही.

रंगभूमीवरील पूर्वसूचना

खेळ आणि सापळा यांतील हे नाते मराठी रंगभूमीने मात्र वेळीच ओळखले होते. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ मध्ये 'रंगायन'ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले. लीला बेणारेंची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यास आलेली हौशी मंडळी वेळ घालवण्यासाठी लुटुपुटूचा खटला मांडतात. आरोपी म्हणून बेणारेबाईंना उभे केले जाते. पाहता पाहता आरोप खोटे राहत नाहीत. बाईंचे खाजगी आयुष्य सर्वांसमोर उलगडले जाते. त्या निघून जाऊ पाहतात तेव्हा दार उघडत नाही. 'खेळच तर आहे' हे वाक्य खेळणाऱ्यांना मोकळीक देते आणि बळी जाणाऱ्याची तक्रार हास्यास्पद ठरवते, हे या नाटकाने दाखवले. रिअॅलिटी शो मराठी घरांत येण्याच्या कितीतरी आधी त्याची रचना येथे स्पष्ट झालेली दिसते.

टीव्हीवरील फड

'बिग ब्रदर' हा कार्यक्रम १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाला. त्याचे हिंदी रूप 'बिग बॉस' २००६ मध्ये, तर मराठी रूप २०१८ मध्ये आले. त्याआधी १९९८ मध्ये जपानमध्ये 'नासुबी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका होतकरू विनोदी कलावंताला खोलीत विवस्त्र ठेवून केवळ मासिकांतील बक्षीस-योजनांतून मिळालेल्या वस्तूंवर जगायला लावले गेले. दहा लाख येनची बक्षिसे जमेपर्यंत ही स्थिती राहणार होती. देश आपल्याला पाहून हसत आहे, याची त्याला कल्पना नव्हती. लक्षणीय बाब ही की खोलीच्या दाराला कुलूप नव्हते. 'स्क्विड गेम'मधील खेळाडूही मतदानाने बाहेर पडतात आणि कर्जापायी परत येतात. म्हणजे तेथेही कुलूपाचे काम उचलच करते.

अर्थात तमाशा कलावंत आणि टीव्हीवरील स्पर्धक यांची स्थिती एकच नव्हे. नामवंत स्पर्धकाला मोठे मानधन मिळते आणि तो सल्ला घेऊन करार करू शकतो. बारामती तालुक्यातील मोढवे येथील सूरज चव्हाण यांच्यासारखा गरीब घरचा तरुण २०२४ मध्ये 'बिग बॉस मराठी'चा विजेता ठरला, हेही विसरता येत नाही. फडानेही अनेकांना नाव मिळवून दिले होते. परंतु मधेच बाहेर पडल्यास मोठी भरपाई द्यावी लागते, अशा अटींची चर्चा या कार्यक्रमांविषयी वारंवार झाली आहे. गरजू स्पर्धकासाठी अशी अट उचलीचेच काम करते. जुन्या फडात घेतलेली रक्कम बांधत असे. येथे द्यावी लागणारी रक्कम बांधते.

एका बाबतीत कायदा योग्य दिशेने गेलेला दिसतो. २००८ मध्ये कोलकात्यातील एका नृत्यस्पर्धेत परीक्षकांनी झिडकारल्यानंतर एका शाळकरी मुलीची वाचा गेल्याच्या वृत्ताने देशभर खळबळ उडाली. पुढे २०१७ च्या बालकामगार नियमांनी बालकलाकाराच्या कामाची मर्यादा दिवसाला ५ तास आणि विश्रांतीविना सलग ३ तास अशी ठरवली. मोबदल्याचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवणे बंधनकारक केले. येथे गाण्याच्या वा नाचाच्या नीतीची चिकित्सा नाही; तास, पैसा आणि परवानगी यांचा विचार आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की करमणुकीतील शोषणाचे मूळ खेळाच्या स्वरूपापेक्षा खेळ सोडण्याच्या अटीत असते. दरबारातील बिदागी, फडाची उचल, कोल्हाटी घराची गरज आणि टीव्हीचा करार या वेगवेगळ्या गोष्टी असल्या तरी त्यांचे कार्य समान आहे. समाजाने प्रत्येक वेळी खेळाच्या सभ्यतेवर वाद घातला आणि कलावंत जेथे होता तेथेच राहिला. बालकलाकारांसाठी जो विचार झाला तो मोडनिंबच्या संगीतबारीतील नर्तकीसाठी, फिरत्या फडातील सोंगाड्यासाठी आणि टीव्हीच्या घरातील अनोळखी स्पर्धकासाठीही होणे आवश्यक आहे. उचलीची लेखी नोंद, तिच्यावर मर्यादा आणि ती फिटलेली नसतानाही काम सोडण्याचा अधिकार, एवढ्यापासून आरंभ करता येईल. खेळ चांगला की वाईट, हे प्रेक्षकांनी ठरवावे. खेळणाऱ्याला घरी जाता येते की नाही, हे पाहणे मात्र राज्याचे कर्तव्य आहे.