अळूच्या डबक्यातला डोडो



मॉरिशसला येऊन मला सहा वर्षं झाली. भारतातून पाहुणे आले की आमची एक ठरलेली 'टूर' असते: गंगातलाव, शामारेलची रंगीत माती, समुद्र, आणि पाऊस असला तर पोर्ट लुईसचं नॅचरल हिस्टरी म्युझियम. आई-बाबा आले त्या आठवड्यात पावसाने दोन दिवस मुक्काम ठोकला, त्यामुळे म्युझियमचा नंबर लवकर लागला.

बंदराजवळ, कंपनी गार्डनच्या मोठमोठ्या वडांशेजारी ही जुनी इमारत आहे. आत भुसा भरलेले मासे, कासवं, पक्षी वगैरे आहेत. खरं सांगायचं तर लंडनचं म्युझियम पाहिलेल्या माणसाला हे सगळं अर्ध्या तासात संपेल असं वाटतं. पण लंडनकडे नाही अशी एक गोष्ट इथे आहे: एकाच डोडो पक्ष्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा.

'एकाच' या शब्दाला इथे फार किंमत आहे. जगभरच्या म्युझियममधले बहुतेक डोडो म्हणजे दहा जुन्या पीसींचे पार्ट काढून जुळवलेला एक पीसी. पाय एकाचा, मान दुसऱ्याची. इथला मात्र ओरिजिनल. तो शोधला एटियेन थिरियू नावाच्या न्हाव्याने, १९०४ च्या सुमारास. पोर्ट लुईसच्या मागे अंगठ्यासारखा दिसणारा ल पूस डोंगर आहे, त्या परिसरात हा गृहस्थ हौस म्हणून हाडं शोधत हिंडायचा. डिग्री नाही, ग्रँट नाही. त्याने जमवलेला दुसरा एक सांगाडा आज डरबनला आहे. या दोन्हींचं लेझर स्कॅनिंग २०११ मध्ये झालं, त्यावरचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला आणि डोडोच्या गुडघ्याच्या वाटीसारखी तोवर कोणालाच माहीत नसलेली हाडं समोर आली. म्हणजे न्हाव्याने जमवलेला डेटा शंभर वर्षांनी शास्त्रज्ञांच्या कामी आला. मला हे फारच आवडलं आणि मी बाबांना रंगवून सांगितलं.

बाबा पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि ते बाकीचे, पार्ट जुळवलेले, त्यांची हाडं कोणी काढली?"

ही गोष्ट मला माहीत होती, निदान तसं मला वाटत होतं. १८६५ मध्ये बेटाच्या आग्नेयेला, माहेबूर्गजवळ, 'मार ओ सोंज' नावाच्या दलदलीत डोडोची हाडं ढिगाने सापडली. तोपर्यंत डोडो म्हणजे युरोपात उरलेले एक-दोन वाळके अवयव आणि काही चित्रं, एवढाच मामला होता. डच खलाशी १५९८ मध्ये या बेटावर उतरले आणि पाऊणशे-शंभर वर्षांत पक्षी संपला. खलाशांनी खाऊन संपवला असं आपण शाळेत ऐकलं, पण खरा घात केला तो जहाजांतून आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी. जमिनीवरचं अंडं त्यांच्या तावडीतून सुटणार कसं? १८६५ पर्यंत तर असा पक्षी खरंच होता का, इथपर्यंत शंका घेणारे लोक होते.

(जाता जाता: डोडो भारतातही आला होता बरं का. पीटर मंडी नावाच्या इंग्रजाने सुरतेच्या वखारीत दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलंय, १६२८ ते १६३४ च्या दरम्यान. मुघल चित्रकार मन्सूरचं म्हणून मानलं जाणारं डोडोचं एक सुंदर चित्र आज सेंट पीटर्सबर्गला आहे. म्हणजे भारतीय माणूस मजूर म्हणून डोडोच्या बेटावर पोचण्याच्या दोनशे वर्षं आधी डोडोच आपल्याकडे येऊन गेला.)

असो. तर त्या दलदलीचं श्रेय पुस्तकांत मिळतं माहेबूर्गचे शाळामास्तर जॉर्ज क्लार्क यांना. त्यांनी हाडं इंग्लंडला पाठवली आणि रिचर्ड ओवेन या बड्या शास्त्रज्ञाने त्यावर १८६६ मध्ये ग्रंथ लिहून नाव कमावलं. त्यासाठी ओवेनसाहेबांनी दुसऱ्याकडे निघालेली हाडं मधल्या मध्ये स्वतःकडे वळवली, हा वेगळा किस्सा. पण हॅरी हिगिन्सन नावाच्या रेल्वे इंजिनियरच्या आठवणी वाचल्या तर चित्र बदलतं. रेल्वेचं काम संपत आलेलं असताना तो एकदा सकाळी भरावावरून चालला होता. खाली काही कुली दलदलीतला काळा गाळ काढत होते आणि त्यात येणारी हाडं वेगळी काढून त्यांचे ढीग लावत होते. हिगिन्सनने ती क्लार्कला नेऊन दाखवली, तेव्हा क्लार्कच्या लक्षात आलं की हा डोडो आहे. क्लार्कच्या लेखात मात्र हिगिन्सनचा पत्ता नाही. इंजिनियरचं क्रेडिट मास्तरांनी खाल्लं, म्हणून मला आधी त्याचाच कळवळा आला होता.

क्लार्कने पुढचं कामही मजुरांकडूनच करून घेतलं. काठाशी फारसं काही मिळेना, म्हणून त्यांना दलदलीच्या मध्यभागी उतरवलं. पाणी तीन फूट. खालच्या चिखलात अनवाणी पायांनी चाचपडत ते हाडं शोधत होते. हे क्लार्कने स्वतःच लिहिलंय. म्हणजे डोडोला पहिला स्पर्श झाला तो त्यांच्या तळपायांचा.

बाबा म्हणाले, "अरे, पण सरकारी राज्य होतं ना? मस्टर असेल की."

मस्टर आहे, हीच तर गंमत आहे. म्युझियमपासून दहा-पंधरा मिनिटं चाललं की बंदरावर आप्रवासी घाट लागतो. २००६ मध्ये त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ ५ लाख कंत्राटी मजूर या बेटावर आले, बहुतेक सगळे भारतातून. कलकत्ता, मद्रास आणि आपली मुंबई या बंदरांतून. इथल्या मराठी माणसांचे पूर्वज यातलेच. प्रत्येकाला एक नंबर मिळायचा आणि रजिस्टरात नोंद व्हायची. १८६० च्या दशकापासून तर फोटोही काढले जायचे. ती रजिस्टरं आज मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. माझ्या ऑफिसातल्या एका मराठी सहकाऱ्याने पणजोबांच्या वडिलांचा कागद तिथून मिळवून घरी फ्रेम करून लावलाय. त्याला मराठी जेमतेम येतं, पण 'रत्नागिरी' हा शब्द तो बोट ठेवून दाखवतो.

म्हणजे एकीकडे प्रत्येक माणसाला नंबर, दुसरीकडे प्रत्येक हाडाचं वर्णन. या दोन वह्या कोणी एकमेकींना जोडल्या नाहीत. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन टेबलं आहेत, पण मधली की कोणी भरलीच नाही.

'सोंज' म्हणजे काय माहितीये? अळू. मार ओ सोंज म्हणजे अळूचं डबकं! पोर्ट लुईसच्या मंडईत सोंजच्या जुड्या मिळतात, आई त्याच्या वड्या करते. हे डबकं प्लेझान्सच्या विमानतळाच्या अगदी जवळ आहे, मुंबईहून येणारा प्रत्येक जण त्याच्या आसपासच उतरतो. १९४० च्या दशकात मलेरियाच्या भीतीने ते दगडांनी बुजवलं होतं. २००५ मध्ये डच आणि मॉरिशियन संशोधकांनी पुन्हा उकरलं तेव्हा खाली हाडांचा थर शाबूत होता, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीचा. दुष्काळात पाण्याच्या आशेने आलेले प्राणी तिथेच मेले असावेत, असं ते सांगतात.

पाऊस थांबल्यावर आम्ही घाटावर गेलो. जहाजातून उतरलेले लोक ज्या सोळा पायऱ्या चढले, त्यांच्यापाशी बाबा बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "चिखलात उतरवायचं तर हजेरी लावूनच उतरवलं असणार. रोजाचे पैसे द्यायला तरी."

परतताना मंडईतून अळूच्या दोन जुड्या घेतल्या.

चूभूद्याघ्या.