दुखतो सांधा, घासले जातात दात

मिरजेत माझी डेंटल लॅब आहे. पेशंटचं तोंड मला दिसत नाही, दिसतात ते प्लास्टरमध्ये ओतलेले दात. एखाद्या दवाखान्यातून रात्री दातांवर चढवायच्या नाइट गार्डची ऑर्डर आली की काम सुरू करण्याआधी मी वरचा आणि खालचा साचा एकमेकांवर बसवतो आणि खालचा हळूहळू बाजूला सरकवत नेतो. सुळ्यांची टोकं झिजून सपाट झालेली असतात. सरकवता सरकवता एक जागा अशी येते की वरचा सपाट भाग खालच्यावर चपखल बसतो, मध्ये केसही जाणार नाही. जबडा इतका बाजूला नेऊन कुणी भाकरी चावत नाही. ती झीज रात्रीची.

लहान मूल झोपेत दात खायला लागलं की आपल्याकडे आजी ‘जंत झालेत’ म्हणते आणि वावडिंग सुरू करते. मोठ्या माणसाला जंतांचं कारण कुणी देत नाही. त्याच्यासाठी डॉक्टरांनी वेगवेगळी कारणं शोधली, आणि ज्याची जी विद्या तिच्यातलंच कारण त्याला सापडत गेलं.

जबड्याच्या सांध्याच्या दुखण्याचंही तेच झालं. जबडा निखळला असेल तर वाद नसतो. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या एका पपायरसमध्ये लिहून ठेवलंय: अंगठे तोंडात, बोटं हनुवटीखाली, आणि जबडा मागे बसवायचा. आजही बसवतात तो जवळपास असाच. सुश्रुतानेही हाड जागेवर आणून शेक द्यायला आणि पंचांगी बंध बांधायला सांगितलंय. घोळ होतो तो सांधा जागेवर असूनही दुखतो तेव्हा. कानापुढे कळ येते, तोंड उघडताना कटकट वाजतं, सकाळी गाल जड होतात, आणि बाहेरून पाहिलं तर काहीच नाही.

1901 मध्ये व्हिएन्नाच्या कारोली यांनी दात खाण्याचा हिरड्यांच्या दुखण्याशी संबंध जोडला. 1907 मध्ये पॅरिसच्या मारी आणि पिएतकिएविच यांनी त्याला ‘ब्रुक्सोमानी’ म्हटलं. पण खरं वळण मिळालं 1934 मध्ये, आणि तेही दंतवैद्याकडून नव्हे. अमेरिकेतल्या सेंट लुइसचे जेम्स कॉस्टेन हे कान-नाक-घशाचे डॉक्टर. अकरा पेशंटांच्या आधारावर त्यांनी मांडलं की दाढा पडल्या की जबडा जास्त मिटतो, त्याचं टोक मागे सरकून कानाजवळच्या नसांवर दाबतं, म्हणून कान दुखतो, दडे बसतात, चक्कर येते. उपाय काय, तर दातांची उंची वाढवा. शरीररचनेचे जाणकार हॅरी सिशर यांनी चाळीसच्या दशकात दाखवून दिलं की हाड तिथे असं दाबूच शकत नाही. तोवर ‘कॉस्टेन सिंड्रोम’ पुस्तकात गेला होता आणि सांधा दंतवैद्यांच्या ताब्यात आला होता.

दंतवैद्यांना अर्थातच दात दिसले. 1961 मध्ये मिशिगनचे रामफ्योर्ड यांनी स्नायूंच्या विद्युत नोंदी घेऊन लिहिलं की चावा नीट जुळत नाही म्हणून माणूस दात खातो. अडणारे उंचवटे घासून काढले की दात खाणं थांबतं. मग दातांमध्ये निळा कागद धरायचा, चावायला लावायचं, निळा ठिपका उमटेल तिथे दात घासायचा बर फिरवायचा. नव्या कॅपचा उंचवटा काढायला हा कागद हवाच, माझ्या टेबलावरही तो असतो. पण इथे धडधाकट दात घासले जात होते. अनेकांची तर पूर्ण तोंडाची कॅप-ब्रिजं झाली. आम्हा लॅबवाल्यांचा त्यात धंदा झाला, हेही सांगून टाकतो.

या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा प्रयोग शिकागोचा, 1976 चा. गुडमन, ग्रीन आणि लॅस्किन यांनी 25 पेशंटांचा चावा ‘जुळवून’ दिला. म्हणजे खुर्चीत बसवलं, मशीन फिरवलं, सगळा थाट खराखुरा. पण चाव्याला धक्काही लावला नाही. त्या 25 पैकी 16 जणांचं दुखणं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेलं! पुढे 1984 मध्ये रघ यांच्या गटाने उलटा प्रयोग केला. मुद्दाम उंच केलेल्या कॅप बसवल्या. सिद्धांताप्रमाणे दात खाणं वाढायला हवं होतं. पहिल्या काही रात्री ते बहुतेकांत कमीच झालं.

घासलेला दात निदान कॅपने झाकता येतो. शस्त्रक्रियेची पाळी आली तेव्हा तीही सोय राहिली नाही. ह्यूस्टनच्या व्हायटेक कंपनीच्या, टेफ्लॉनचा थर असलेल्या चकत्यांना 1983 मध्ये अमेरिकेत विक्रीची परवानगी मिळाली आणि सांध्यातली गादी काढून त्या बसवल्या जाऊ लागल्या. जबड्याच्या जोराखाली त्यांचा भुगा झाला, शरीर त्या कणांवर तुटून पडलं आणि त्यात हाडच झिजलं. काहींचं तर कवटीच्या तळापर्यंत. 1990 मध्ये सरकारी इशारा निघाला, तोवर कंपनीचं दिवाळं वाजलं होतं.

मग दात खाणं सुरू होतं तरी कुठून? मॉन्ट्रियलचे लाविन्य आणि इतरांनी झोपेच्या प्रयोगशाळेत पाहिलं ते असं: मेंदू क्षणभर अर्धवट जागा होतो, नाडी वाढते आणि मग जबड्याचे स्नायू आवळतात. सुरुवात दातांपासून होतच नाही. ताण, दारू, तंबाखू, नैराश्यावरची काही औषधं यांनी ते वाढतं. घोरताना श्वास अडकणाऱ्यांतही ते आढळतं. 2018 च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने तर निरोगी माणसाचं दात खाणं हा आजारच मानलेला नाही. सांध्याचं दुखणंही बहुतेकांचं मऊ खाणं, शेक, व्यायाम आणि दिवसा दात आवळून न बसण्याची सवय यांनी आटोक्यात येतं. मी बनवतो तो गार्ड दात खाणं थांबवत नाही, झीज स्वतःवर घेतो. मऊ शीटचा असेल तर जोरकस माणूस त्याला काही महिन्यांत चावून भोकं पाडतो. अशांसाठी कडक अॅक्रेलिकचा बरा.

म्हणून विनंती एवढीच. जबडा दुखतो म्हणून चांगले दात घासायला कुणी सांगितलं, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. आणि गार्ड करून घेतलात तर त्याचे साचे दवाखान्यातून मागून घ्या, तारीख टाकून घरी ठेवा. दोन वर्षांनी झीज किती वाढली हे पाहायला ते उपयोगी पडतात, आणि एरवी आम्ही ते फेकूनच देतो.