युक्तिकल्पतरूंतील निषिद्ध नौका व नौकास्थैर्याचें गणित

भोजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या ग्रंथांतील नौकाप्रकरणाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें तें विशेषतः राधाकुमुद मुकर्जी यांच्या १९१२ सालच्या भारतीय नौकानयनावरील इंग्रजी ग्रंथामुळें. मूळ ग्रंथ पुढें १९१७ सालीं ईश्वरचंद्र शास्त्री यांनीं कलकत्त्यास प्रसिद्ध केला. तेव्हांपासून या प्रकरणांतील मापांचें कोष्टक वारंवार उद्धृत होत आलें आहे. त्यांतील एका मुद्द्याचा येथें विचार करावयाचा आहे.

'सामान्य' वर्गांत दहा नौका सांगितल्या आहेत, माप हातांचें. पहिली क्षुद्रा १६ लांब, ४ रुंद व ४ उंच; दुसरी मध्यमा २४, १२ व ८. तिसऱ्या भीमेपासून मात्र क्रम ठरीव आहे. भीमा ४०, २०, २०. चपला ४८, २४, २४. आणि असेंच पटला, भया, दीर्घा, पत्रपुटा, गर्भरा यांवरून मंथरेपर्यंत, जिची लांबी १२० आणि रुंदी व उंची प्रत्येकीं ६०. यांपैकीं भीमा, भया व गर्भरा या तीन अशुभ. कां, तें ग्रंथकार सांगत नाहीं. या मापांच्या नौका पाण्यावर तोल सांभाळूं शकत नसाव्यात, असा तर्क मुकर्जींनीं केला, आणि तो इतका सयुक्तिक वाटतो कीं वाचणारा सहज पुढें जातो.

व्यापारी जहाजांवर अधिकारी होऊं पाहणाऱ्या उमेदवारास आज नौकाबांधणी व नौकास्थैर्य हे विषय परीक्षेसाठीं अभ्यासावे लागतात. अशा एका उमेदवाराचीं, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचीं, पुस्तकें मीं चाळलीं. सिद्धांत थोडक्यांत असा. नौकेचा भार गुरुत्वमध्यांतून खालीं दाबतो. पाण्याचा जोर बुडालेल्या भागाच्या मध्यांतून वर उचलतो. नौका किंचित् कलली म्हणजे हा दुसरा मध्य बाजूस सरकतो, आणि त्यांतून काढलेली उभी रेषा नौकेच्या मध्यरेषेस जेथें छेदते त्या बिंदूस मेटासेंटर म्हणतात. ही कल्पना फ्रेंच गणिती पिएर बुगे यानें १७४६ सालीं आपल्या नौकाविषयक ग्रंथांत मांडली. हा बिंदु गुरुत्वमध्याच्या वर असेल तर नौका सावरते. खालीं असेल तर सरळ उभी राहत नाहीं. पेटीच्या आकाराच्या नौकेंत उत्प्लवनमध्यापासून या बिंदूचें अंतर काढावयाचें तर रुंदीच्या वर्गास बुडीच्या बारापटीनें भागावें.

आतां भीमा घेऊं. ती पेटीसारखी आहे, सर्वत्र सारख्या भाराची आहे व निम्मी, म्हणजे १० हात, बुडाली आहे असें धरलें, तर मेटासेंटर तळापासून सुमारें ८.३ हातांवर येतो आणि गुरुत्वमध्य १० हातांवर. ही नौका तोल सांभाळणारी नव्हे, म्हणजे मुकर्जींचें म्हणणें खरें ठरलें! पण हेंच गणित चपलेस लावावें. तिचा मेटासेंटर १० हातांवर, गुरुत्वमध्य १२ हातांवर. तीही तशीच अस्थिर, आणि ग्रंथकार तिला दोष देत नाहीं. असें होणारच, कारण भीमेपासून मंथरेपर्यंत आठही नौकांचें प्रमाण २:१:१ हेंच आहे. प्रमाण एक, घडण एक आणि भाराची मांडणी एक, तर स्थैर्याचें लक्षणही एकच. प्रत्यक्ष नौका पेटीसारखी नसते, आणि तिच्या तळांत नीरम, म्हणजे दगडगोट्यांचा भार, भरून गुरुत्वमध्य खालीं आणतां येतो. पण ही सवलत चपलेस जशी, तशी भीमेसही. केवळ आकारमानाचा दोष म्हणावा, तर ४० हात वाईट, ४८ व ६४ चांगले, ७२ पुन्हा वाईट, हा क्रम कोणत्या सुताराने मान्य केला असता?

'विशेष' वर्गांतील दीर्घ नौकांचीही हीच गत. दहाही नौकांची रुंदी लांबीच्या अष्टमांश व उंची दशमांश. तरी लोला, गामिनी व प्लाविनी तेवढ्या दुःखद. उन्नत नौकांत तर वादच मिटतो. तेथें अनूर्ध्वा ही ४८, २४, २४ मापाची नौका निंद्य ठरविली आहे, आणि हींच मापें सामान्य वर्गांतील निर्दोष चपलेचीं आहेत. एकाच मापाची नौका एका नांवानें ग्राह्य व दुसऱ्या नांवानें त्याज्य!

मग कारण नांवांतच आहे काय? भीमा व भया यांच्या नांवांत भय आहे, लोला डोलणारी, प्लाविनी बुडविणारी. पण गामिनीचें नांव निरुपद्रवी आहे, आणि चपला व मंथरा यांचीं नांवें कांहीं शुभसूचक नव्हेत. सामान्य वर्गांत अशुभ नौका तिसरी, सहावी व नववी येते हें लक्षांत घेण्याजोगें. परंतु दीर्घ वर्गांत ती तिसरी, पांचवी व आठवी असल्यानें तो नियमही तुटतो. लोखंडाच्या बंधास मनाई करतांना ग्रंथकार समुद्रांतील लोहचुंबकाचें कारण स्पष्ट देतो. येथें केवळ फल सांगतो. त्यावरून हा भाग वास्तुशास्त्रांतील आयव्ययाच्या जातीचा, शुभाशुभाचा विचार असावा, असें माझें मत झालें आहे. नौकास्थैर्याच्या प्राचीन ज्ञानाचा पुरावा म्हणून तो पुढें करणें बरें नव्हे.

तें ज्ञान येथें नव्हतें असा याचा अर्थ नाहीं. मुंबईच्या गोदींत वाडियांनीं बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका १८१७ सालीं पाण्यांत उतरली. ती इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्याप तरंगत आहे. परंतु अशा कारागिरांचें शास्त्र श्लोकांत शोधून सांपडणार नाहीं. तें लांकडांच्या याद्या, मापांचे तक्ते व सुतारांच्या मजुरीचे हिशेब यांत शोधावें लागेल. ज्यांच्या संग्रहीं कोंकणांतील बंदरांचे असे कागद असतील त्यांनीं नौकांची लांबी, रुंदी व उंची यांचे आंकडे उतरून प्रसिद्ध करावे. तसेंच युक्तिकल्पतरूची एखादी हस्तलिखित प्रत कोणाजवळ असल्यास भीमा, लोला व अनूर्ध्वा या तीन स्थळांचे पाठ छापील प्रतीशीं ताडून कळवावे.