मुक्त आणि फुकट

कुलूपबंद अक्षरांची गोष्ट आम्हां वऱ्हाडकरांना नवी नाही. रिद्धपूरच्या महानुभावांनी आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले. भाषा अस्सल मराठी, पण किल्ली पंथाबाहेर कुणापाशी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली, तेव्हा कुठे लीळाचरित्रासारख्या तेराव्या शतकातल्या गद्याची वाट इतरांना मोकळी झाली. त्या कुलुपाला निदान कारण होतं. ग्रंथ राखायचे होते. आमच्या पिढीनं मात्र पदरचे पैसे मोजून आपली अक्षरं दुसऱ्याच्या कुलुपात ठेवली.

२००२ साली मी एम.ए.ला होतो. बुलढाणा तालुक्यातल्या धाड गावी (नावावर जाऊ नका, माणसं फार मायाळू!) म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी टिपून घेत हिंडत होतो. मराठवाड्याची शीव इथून जवळ. १९४८ पर्यंत तिकडे निजामाचा अंमल, हाली शिक्क्याचं नाणं. इकडचा व्यवहार वेगळा. चाळीस पानं झाली. ती एका दुकानात संगणकावर टंकून घेतली आणि फ्लॉपी जपून ठेवली. दहा वर्षांनी उघडून पाहतो, तो पानभर इंग्रजी चिन्हांचा सडा! झालं होतं असं, की त्या काळी मराठी फॉन्ट करणारी प्रत्येक कंपनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत आपल्या मर्जीनं मराठी अक्षरं बसवी. एकीच्या घरात ‘क’, तर दुसरीच्या त्याच घरात ‘ह’. तो फॉन्ट विकणारे कधीच दुकान आवरून गेले होते. आठवणी सांगणारेही आता उरले नव्हते.

अशीच अडचण, पण निराळ्या रूपात, १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना आली होती. तिथल्या नव्या झेरॉक्स प्रिंटरमध्ये कागद अडकत. जुन्या यंत्रात कागद अडकला की सर्वांना वर्दी जावी, अशी सोय त्यांनी स्वतः केली होती. नव्यात ती करावी म्हणून प्रोग्रॅमचा मूळ मसुदा मागायला ते दुसऱ्या विद्यापीठात गेले. ज्याच्यापाशी तो होता, त्यानं गुप्ततेचं वचन दिलेलं. नकार मिळाला. २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमननी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. प्रोग्रॅम हवा तसा वापरावा, उघडून पाहावा, बदलावा, मूळचा वा बदललेला दुसऱ्याला द्यावा, ही त्यामागची मोकळीक. १९८९ च्या परवान्यात अट घातली, की पुढे देणाऱ्यानं ही मोकळीकही पुढे द्यावी. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्स लिहिलं आणि पुढच्याच वर्षी तेही याच परवान्याखाली आणलं.

श्रोतेहो, इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात दोन अर्थ असल्यानं त्या मंडळींना सतत खुलासा करीत बसावं लागतं. मराठीत मुक्त निराळं, फुकट निराळं. मुक्त प्रोग्रॅम विकायलाही हरकत नाही. आणि फुकट म्हणून जो घेतो तो कधीतरी वैतागतोच. अडलं तर हाक कुणाला मारणार?

पण ‘वऱ्हाड’ हाच शब्द घ्या. त्यातला तो आडवा र हिंदीला लागत नाही. तेव्हा हिंदीपुरत्या केलेल्या फॉन्टमध्ये तो असेलच असं नाही. बंद फॉन्ट असेल तर आपण अर्ज करावा आणि वाट पाहावी. मुक्त असेल तर आपल्यातल्याच कुणीतरी बसून तो र रेखाटावा. युनिकोडनं १९९१ पासून प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच क्रमांक दिला, हे खरं. पण नुसत्या क्रमांकांनी अक्षर दिसत नाही. मुंबईच्या इंडिकट्रान्स गटाचा ‘गार्गी’, पुढे रेड हॅटचा ‘लोहित’, एक टाइपचा ‘मुक्त’ असे फॉन्ट आले, म्हणून ते घरोघर दिसू लागलं.

माझ्या फ्लॉपीचं काम एका विद्यार्थ्यानं केलं. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारा, कुणीतरी मुक्त ठेवलेला एक प्रोग्रॅम त्यानं घेतला. माझा फॉन्ट त्यात नव्हता. मसुदा उघडा असल्यानं तक्ता वाढवता आला. माझ्याकडे सुदैवानं एक छापील पान उरलं होतं. ते शेजारी ठेवून तो एकेक चिन्ह लावीत बसला. “सर, हा ‘ळ’ असणार,” असं म्हणे आणि पुढे जाई. राजवाड्यांचीच रीत म्हणाना.

एकतीस पानं हाती आली. बाकीची फ्लॉपीच खराब झाल्यानं गेली. एकतिसाव्या पानावर एक आजीबाई शीव ओलांडून माहेरी जायला निघाल्या आहेत, पदरात हाली नाणी बांधून. आणि तिथंच पान संपतं.