मौनाचे उपासक : कार्थुसियन व्रतस्थ संघ

दरवर्षी ६ ऑक्टोबर रोजी ख्रिस्तसभा संत ब्रुनो यांचे स्मरण करते. आपल्या धर्मग्रामांत हा दिवस बहुधा नकळतच निघून जातो. शाळा, रुग्णालये, अनाथाश्रम चालविणारे व्रतस्थ आपल्या परिचयाचे आहेत. मात्र ज्यांचे कार्य डोळ्यांना दिसत नाही, अशा मठवासीयांविषयी ‘यांचा उपयोग काय?’ असा प्रश्न आम्हाला अनेकदा विचारला जातो. म्हणूनच संत ब्रुनो यांच्या कार्थुसियन संघाची ही ओळख.

जर्मनीतील कोलोन येथे जन्मलेले ब्रुनो फ्रान्समधील रीम्सच्या कॅथेड्रल विद्यापीठाचे नामवंत आचार्य होते. तेथील भ्रष्ट आर्चबिशपांना त्यांनी निर्भयपणे विरोध केला. पुढे मानसन्मानाकडे पाठ फिरवून १०८४ साली सहा सोबत्यांसह ते ग्रनोबल येथे बिशप ह्यू यांच्याकडे आले. बिशपांना आधीच स्वप्नात सात तारे दिसले होते, असे परंपरा सांगते. त्यांनीच या सातजणांना आल्प्स पर्वतातील शार्त्रूझचे निर्जन खोरे दाखविले. संघाचे नाव त्या खोऱ्यावरूनच पडले.

अवघ्या सहा वर्षांनी या एकांताची कसोटी लागली. ब्रुनो यांचे माजी विद्यार्थी पोप दुसरे अर्बन झाले होते. त्यांनी आपल्या गुरूला रोमला पाचारण केले. आज्ञापालन म्हणून ब्रुनो गेले. मागे राहिलेले सोबती पांगले, परंतु लवकरच परतले. रेज्जोचे आर्चबिशपपद नाकारून ब्रुनो यांनी दक्षिण इटलीतील कालाब्रियात दुसरा मठ उभारला व ११०१ साली तेथेच त्यांचे निधन झाले. शार्त्रूझचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही.

ब्रुनो यांनी नियमावली लिहिली नव्हती. पाचवे मठाधिपती गीगो यांनी रूढ जीवनपद्धती शब्दबद्ध केली. त्यांच्याच काळात, ११३२ साली, हिमकडा कोसळून सात मठवासी मृत्युमुखी पडले. तेव्हा मठ सुमारे दोन किलोमीटर खाली हलविण्यात आला.

येथील प्रत्येक संन्याशी धर्मगुरूची स्वतंत्र कुटी असते. कुटी म्हणजे खोली नव्हे. प्रार्थनेची जागा, कामाची जागा आणि भिंतीने वेढलेली बाग असलेले ते छोटेसे घरच. जेवण भिंतीतील झडपेतून आत येते. मांसाहार कायमचा वर्ज्य आहे. स्वयंपाक, शेती, दुरुस्ती अशी कामे मुख्यतः धर्मबंधू सांभाळतात. त्यांच्याविना या एकांताला आधारच नाही, हे सहसा कोणी सांगत नाही.

रात्रीची झोप दोन भागांत विभागलेली असते. मध्यरात्रीच्या सुमारास सारे मंदिरात जमतात आणि दोन-तीन तास स्तोत्रे गातात. मग पुन्हा विश्रांती. रात्री दहाला रोझरी म्हणतानाच डुलक्या घेणाऱ्या आमच्यासारख्यांना याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही! दिवसातील मिस्सा व सायंप्रार्थनाही एकत्र होतात. इतर प्रार्थना कुटीतच. मात्र हे मौन अखंड नसते. आठवड्यातून एकदा सारे डोंगरात लांब फिरायला जातात आणि मोकळेपणाने बोलतात.

हे मौन म्हणजे पलायन नव्हे, हे लंडनमध्ये दिसून आले. राजा आठव्या हेन्रीने ख्रिस्तसभेचे प्रमुखपद स्वतःकडे घेतले, तेव्हा ते मान्य करण्यास तेथील कार्थुसियन मठाधिपती जॉन हाफ्टन यांनी नकार दिला. ४ मे १५३५ रोजी त्यांना ठार करण्यात आले. १५३७ साली नऊ मठवासी तुरुंगात साखळदंडांत अन्नावाचून मेले. १५४० पर्यंत या संघाचे एकूण अठरा हुतात्मे झाले. पोप सहावे पॉल यांनी १९७० साली हाफ्टन यांना संतपद बहाल केले.

असा गौरव मात्र विरळाच. कार्थुसियन मठाच्या दफनभूमीत प्रत्येक थडग्यावर साधा क्रूस असतो. त्यावर मृताचे नाव लिहीत नाहीत.